एकच प्रोग्राम चार वेळा उघडला, तर आत काय घडतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि सीमाभागातल्या कितीतरी दुकानांत, पतसंस्थांत, शाळांच्या ऑफिसांत जुनी मशीनं बदलायचा विषय निघाला. नवीन मशीन घ्यायला गेलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आमच्याकडं एका वेळी चार-पाच एक्सेल उघडी असतात, क्रोमही दोन-तीन. हे सगळं झेपेल ना?" दुकानदार म्हणतो, "रॅम वाढवून घ्या."

रॅम म्हणजे चालू काम ठेवायची मशीनची मेमरी. सल्ला बरोबर आहे, पण त्यानं अर्धीच अडचण सुटते. रॅम कितीही वाढवली तरी 'फाइल आधीच उघडी आहे' हा निरोप यायचा थांबत नाही. एकाचं लॉगिन चालू असताना दुसऱ्याचं केलं की पहिला बाहेर फेकला जातो, तेही थांबत नाही. दोन खिडक्यांतली एक अडकली की दुसरीही का अडकते, याचं उत्तरही रॅममध्ये नाही. प्रती किती चालू आहेत यापेक्षा त्या प्रतींमध्ये काय वेगळं आहे आणि काय सामाईक आहे, हे कळणं जास्त गरजेचं आहे. ते एकदा कळलं की यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ आपलं आपल्यालाच सापडतं.

प्रोग्राम आणि चालू प्रोग्राम

प्रोग्राम म्हणजे डिस्कवर पडून असलेली फाइल. तिच्यात फक्त सूचना असतात. आपण आयकॉनवर डबल क्लिक करतो तेव्हा विंडोज त्या सूचना मेमरीत आणते, कामासाठी जागा आखून देते, एक क्रमांक देते आणि काम सुरू करून देते. अशा चालू प्रतीला 'प्रोसेस' म्हणतात. या लेखात तांत्रिक शब्द फार नाहीत, पण हा लक्षात ठेवा.

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेत यंत्रमागाची शेड ज्यांनी आतून पाहिली आहे, त्यांना हे चटकन समजेल. साडीचं डिझाइन एकच असतं, पण त्यावर चार माग चालू शकतात. प्रत्येक मागाचा ताणा वेगळा, कांडी वेगळी, उतरणारी साडी वेगळी. एका मागावर धागा तुटला तर तेवढा एकच माग थांबतो, शेजारचे तीन चालूच राहतात. वीज मात्र चौघांची एकच. इथं डिझाइन म्हणजे प्रोग्राम, माग म्हणजे प्रोसेस आणि वीज म्हणजे मशीनचा प्रोसेसर व रॅम.

संगणकात ही वेगळेपणाची व्यवस्था फार कडक असते. एका प्रोसेसला दुसऱ्या प्रोसेसची मेमरी सहजासहजी दिसतच नाही. मेमरीतल्या जागांचा सगळा पसारा आपल्याच मालकीचा आहे, अशी प्रत्येकीची समजूत करून दिलेली असते. त्याच वेळी काटकसरही असते. एकाच प्रोग्रामच्या चार प्रती उघडल्या तर त्यातल्या सूचनांचा भाग, जो कधी बदलत नाही, तो रॅममध्ये बहुतांशी एकदाच ठेवला जातो आणि चौघी तोच वाचतात. वेगळा असतो तो ज्याचा त्याचा माल : उघडलेलं चित्र, भरलेले आकडे, टाइप केलेला मजकूर. म्हणून दुसऱ्या प्रतीला पहिलीइतकीच रॅम लागेल असं नाही. बऱ्याचदा कमी लागते.

स्वतः बघा : पेंट आणि एक्सेल

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डिटेल्स' या भागात जा. आता पेंट उघडा, मग पुन्हा एकदा उघडा. यादीत पेंटच्या दोन ओळी दिसतील आणि 'पीआयडी' या रकान्यात दोघींचे क्रमांक वेगळे असतील. तोच विंडोजनं दिलेला प्रोसेसचा क्रमांक. एक ओळ निवडून 'एंड टास्क' दाबलं तर एकच पेंट जाईल, दुसरं जागेवर राहील.

आता एक्सेलच्या तीन वेगवेगळ्या फाइली उघडा. पडद्यावर तीन खिडक्या आहेत, खाली टास्कबारवरही तिन्ही दिसतात. टास्क मॅनेजरमध्ये मात्र एक्सेलची ओळ एकच आहे.

एक्सेल २०१३ पासून प्रत्येक फाइल स्वतंत्र खिडकीत उघडते, त्यामुळं ते वेगवेगळे एक्सेल आहेत असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण आत एकच प्रोसेस तिन्ही फाइली सांभाळत असते. म्हणजे माग एक आणि त्यावर तीन साड्या! त्याचे परिणाम रोजच्या कामात जाणवतात.

एक फाइल मोठ्या हिशेबात अडकली की बाकीच्या दोन्हीही गोठतात. 'अनडू'ची, म्हणजे केलेला बदल मागं घेण्याची, साखळीही सगळ्या फाइलींची मिळून एकच असते. एका फाइलमध्ये काम करून दुसरीत गेलात आणि कंट्रोल-झेड सटासट दाबत राहिलात, तर पहिल्या फाइलमधलं कामही मागं जाऊ शकतं. एकाच नावाच्या दोन फाइली, भले वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असोत, एका एक्सेलमध्ये एकदम उघडत नाहीत.

सगळ्यांत घातक परिणाम आकडेमोडीचा आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. एक्सेलमध्ये गणित आपोआप व्हावं की सांगितल्यावरच व्हावं, अशी एक सेटिंग असते. ती सगळ्या उघड्या फाइलींना मिळून एकच लागू होते आणि सुरुवातीला उघडलेल्या फाइलवरून ठरते. समजा, एखाद्या सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातल्या सहकारी संस्थेत) मार्चअखेरची कामं चालू आहेत. कुणीतरी बाहेरून पाठवलेली मोठी फाइल सकाळी पहिली उघडली गेली आणि तिच्यात 'मॅन्युअल' सेटिंग होती. त्यानंतर उघडलेल्या व्याजाच्या तक्त्यात नवी रक्कम टाकली तरी खालची बेरीज हलणार नाही. तक्ता बरोबर, सूत्रही बरोबर, पण उत्तर कालचं! अशी शंका आली की 'फॉर्म्युलाज' मेनूमधले 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' बघा. एफ-९ दाबलं की सगळं गणित नव्यानं होतं.

मग एक्सेल खरंच वेगळं उघडता येतं का?

येतं. टास्कबारवरच्या एक्सेलच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, ऑल्ट कळ दाबून धरा आणि वर आलेल्या यादीतल्या एक्सेलच्या नावावर क्लिक करा. ऑल्ट सोडू नका. नवीन स्वतंत्र एक्सेल सुरू करायचं का, अशी विचारणा येईल. 'येस' म्हणा. आता टास्क मॅनेजरमध्ये दोन ओळी दिसतील. एकात जड हिशेब लावून दुसऱ्यात निवांत काम करता येतं आणि वर सांगितलेली सेटिंगही दोघांची आपापली राहते.

याची किंमतही आहे. दोन वेगळ्या एक्सेलमध्ये एकातली शीट उचलून दुसऱ्यात नेता येत नाही. कॉपी करून पेस्ट केलं तर सूत्रं येत नाहीत, नुसते आकडे येतात. ज्या फाइलींचं आपसात काही देणंघेणं आहे त्या एकाच एक्सेलमध्ये ठेवा. जड, एकटी, वेळ खाणारी फाइल असेल तिला वेगळं एक्सेल द्या.

इतर बऱ्याच प्रोग्रामांसाठी सोपी युक्ती आहे : शिफ्ट दाबून टास्कबारवरच्या आयकॉनवर क्लिक केलं, किंवा माउसच्या चाकानं क्लिक केलं, की नवीन खिडकी उघडते. ती खिडकी म्हणजे नवीन प्रोसेस की जुन्याचीच दुसरी खिडकी, हे ज्याचा तो प्रोग्राम ठरवतो. खात्री टास्क मॅनेजरमध्येच होते.

क्रोमच्या वीस ओळी दिसतात. व्हायरस आहे का?

नाही. क्रोम २००८ मध्ये आलं ते हाच विचार घेऊन : वेगवेगळी पानं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची, म्हणजे एक पान कोसळलं तर अख्खा ब्राउझर कोसळणार नाही. २०१८ पासून संगणकावरच्या क्रोमनं यात सुरक्षेची भर घातली. एका संकेतस्थळाचा मजकूर दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये मिसळू नये म्हणून त्यांना आणखी काटेकोरपणे वेगळं केलं. म्हणजे आपण ब्राउझर एकदाच उघडतो आणि तो स्वतःच स्वतःला वाटून घेतो. कोणतं पान किती मेमरी खातंय हे बघायचं असेल तर क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि पानांची नावंही दिसतात.

मशीन हळू का होतं?

चालू प्रती जोवर रॅममध्ये मावतात तोवर फारसं काही जाणवत नाही. मावेनाशा झाल्या की विंडोज रॅममधला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला एखादी जागा शोधायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. रॅम हेच काम तिच्यापेक्षा सुमारे एक लाख पट वेगानं करते. म्हणून मशीन हळूहळू मंदावत नाही, एका ठरावीक प्रतीनंतर एकदम बसतं. खिडकी बदलली की पांढरा पडदा, डिस्कचा दिवा सतत लागलेला, ही त्याची खूण. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, फिरत्या डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान असते, त्यामुळं जुन्या मशीनला एसएसडी बसवली की जीव आल्यासारखं वाटतं.

विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी रॅम पुरते. माझं स्पष्ट मत आहे की ऑफिसकामासाठी ४ जीबीचं नवीन मशीन आज घेऊ नये. ८ जीबी आणि एसएसडी ही किमान जोडी धरा. त्याहून जास्त हवी का, हे अंदाजानं ठरवू नका. आताच्या मशीनवर गर्दीच्या वेळी जेवढं उघडता तेवढं सगळं उघडा आणि टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात मेमरीचा आकडा बघा. ती तुमची गरज. त्यावर थोडी जागा मोकळी राहील असं मशीन घ्या.

प्रोसेसरचं गणित याहून वेगळं आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात शेकडो ड्रॉइंगच्या फाइली एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलायच्या आहेत आणि बदलणारा प्रोग्राम प्रोसेसरचा एकच गाभा (कोअर, म्हणजे काम करणारा एक भाग) वापरतो. मशीनला चार गाभे असतील तर चार प्रती लावून फाइली वाटून दिल्या की काम जवळपास चौपट वेगानं होऊ शकतं. पाचवी-सहावी प्रत लावून काही मिळत नाही. त्या आधीच्या चौघींच्याच वेळात वाटेकरी होतात.

दोन प्रती, फाइल एक

आता सामाईक गोष्टींकडं येऊ. खरे घोटाळे होतात ते इथंच.

दोन प्रतींनी एकच फाइल उघडली, दोघींनी बदल केले आणि दोघींनी सेव्ह केलं, तर जी शेवटी सेव्ह करेल तिचंच राहील. पहिलीचं काम निमूटपणे पुसलं जाईल. हे होऊ नये म्हणून वर्ड आणि एक्सेल फाइल उघडतानाच त्या फोल्डरमध्ये ~$ या चिन्हांनी सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल तयार करतात. फाइल कुणी उघडली आहे, त्याचं नाव तिच्यात असतं. फाइल बंद केली की ती पुसली जाते. लिब्रेऑफिसही अशीच खूण ठेवतं.

पण बंद करायच्या आधीच लाइट गेली तर? मशीन बंद पडतं, खूण मागं राहते. लाइट आल्यावर तीच फाइल उघडायला गेलात की निरोप येतो, फाइल अमुक व्यक्तीनं उघडली आहे. ती अमुक व्यक्ती तुम्ही स्वतःच असता! अशा वेळी लोक घाबरून फाइलची दुसरी प्रत काढतात, तिच्यात काम सुरू करतात आणि आठवड्याभरानं कोणती फाइल खरी हे कुणालाच सांगता येत नाही. तसं करू नका. आधी टास्क मॅनेजरमध्ये वर्ड किंवा एक्सेल मागं चालू राहिलेलं नाही ना, ते बघा, असेल तर बंद करा. ऑफिसात दुसऱ्या मशीनवर ती फाइल खरंच कुणी उघडली आहे का, ते विचारा. दोन्हीकडून खात्री झाली की फाइल एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा आणि ती ~$ ची फाइल काढून टाका. मूळ फाइल नीट उघडेल.

"आयकॉन दाबतोय, पण उघडतच नाही"

काही प्रोग्राम मुद्दामच दुसरी प्रत उघडू देत नाहीत. ते सुरू होताना विंडोजकडं एका ठरावीक नावाची खूण मागतात. ती आधीच कुणाकडं असेल तर आपलीच एक प्रत चालू आहे हे त्यांना कळतं. मग ते जुनी खिडकी समोर आणतात आणि स्वतः बंद होतात. ज्या प्रोग्रामच्या दोन प्रती एकाच हिशेबात एकदम लिहू लागल्या तर हिशेब बिघडेल, त्यानं असं करणं योग्यच आहे.

अडचण होते ती जुनी प्रत अर्धमेली झाल्यावर. खिडकी दिसत नाही, पण प्रोसेस जिवंत आहे आणि खूण तिच्या मुठीत आहे. नवी प्रत येते आणि परत फिरते. आपण आयकॉन दाबत राहतो, काहीच होत नाही. उपाय सोपा : टास्क मॅनेजरमध्ये त्या नावाची ओळ शोधा आणि 'एंड टास्क' करा. अख्खं मशीन रिस्टार्ट करायची गरज बहुतेक वेळा नसते.

दोन माणसं, ब्राउझर एक

सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलामुलींनी हा भाग सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे. सीमाभागात हे काम मोठं आहे. इकडचे दाखले कर्नाटकाचे, पण पाहुणे, शेती, मुलांची कॉलेजं पलीकडं कोल्हापूर-सांगलीला. त्यामुळं एकाच खुर्चीवर बसून कर्नाटक सरकारचं सेवा सिंधू हे संकेतस्थळही उघडावं लागतं आणि महाराष्ट्र सरकारचं आपले सरकारही.

असं समजा, खानापुरातल्या एका केंद्रात एक मामा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसले आहेत. ऑपरेटरनं त्यांच्या नंबरानं लॉगिन केलं, "मामा, ओटीपी सांगा," म्हणून ओटीपी घेतला, अर्धा फॉर्म भरला. रेशन कार्डाचा नंबर लागला तेव्हा मामांनी घरी फोन लावला. तेवढ्या वेळात मागच्या अक्कांचं काम उरकावं म्हणून ऑपरेटरनं शेजारी नवीन टॅब उघडला, तेच संकेतस्थळ, अक्कांच्या नंबरानं लॉगिन. पडद्यावर आता दोन टॅब आहेत, एकावर मामांचं नाव, दुसऱ्यावर अक्कांचं. सगळं ठीक वाटतं.

आत काय झालं ते बघा. लॉगिन झालं की संकेतस्थळ ब्राउझरला एक ओळखचिठ्ठी देतं, तिला 'कुकी' म्हणतात. पुढं प्रत्येक वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि संकेतस्थळ तिच्यावरून माणूस ओळखतं. ही चिठ्ठी टॅबची नसते, खिडकीचीही नसते. ती त्या ब्राउझरमधल्या त्या संकेतस्थळाची असते आणि एकच असते. अक्कांचं लॉगिन झालं तेव्हा मामांची चिठ्ठी पुसली गेली. मामांच्या टॅबवर त्यांचं नाव अजून दिसतंय, कारण ते पान आधीच उतरलेलं आहे. आता त्या टॅबमध्ये 'सबमिट' दाबलं तर मामांची भरलेली माहिती जाईल, पण सोबत चिठ्ठी अक्कांची जाईल.

नीट बांधलेलं संकेतस्थळ ही गल्लत ओळखतं आणि 'सेशन एक्स्पायर्ड' म्हणून बाहेर काढतं. आपण त्यावर चिडतो, पण त्या वेळी त्यानं आपल्याला वाचवलेलं असतं. सगळीच संकेतस्थळं इतकी दक्ष नसतात, आणि मग एकाचा अर्ज दुसऱ्याच्या खात्यात जाऊन बसतो. तो रद्द करायला पुन्हा हेलपाटे, पुन्हा एक दिवसाचा रोज बुडणार. ज्याचं काम होतं त्याचा यात काहीच दोष नसतो.

सेवा सिंधू आणि आपले सरकार हे दोन टॅब एकदम उघडले तर हरकत नाही. संकेतस्थळं वेगळी, चिठ्ठ्या वेगळ्या. गल्लत होते ती एकाच संकेतस्थळावर दोन माणसांची. त्यासाठी दोन स्वतंत्र चिठ्ठ्यांचे डबे लागतात आणि ते मिळवायचे मार्ग असे.

पहिला मार्ग म्हणजे क्रोमचे 'प्रोफाइल'. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून नवीन प्रोफाइल तयार करा. प्रत्येक प्रोफाइलची कुकी, इतिहास, सेव्ह केलेले पासवर्ड सगळं स्वतंत्र असतं. प्रत्येकाला वेगळा रंग द्या, म्हणजे कोणती खिडकी कुणाची हे लांबूनही कळेल. केंद्राचं स्वतःचं लॉगिन एका प्रोफाइलमध्ये ठेवा. गिऱ्हाइकांसाठी 'गेस्ट' खिडकी उत्तम : ती बंद केली की कुकी आणि इतिहास दोन्ही पुसले जातात. दुसरा मार्ग म्हणजे वेगळे ब्राउझर. क्रोम, एज आणि फायरफॉक्स हे तीन वेगळे डबे आहेत. फायरफॉक्स वापरत असाल तर मोझिलाचंच 'मल्टि-अकाउंट कंटेनर्स' हे जोडसाधन टाका, मग एकाच खिडकीतले टॅबही वेगवेगळ्या डब्यांत ठेवता येतात.

आणि इन्कॉग्निटो, म्हणजे इतिहास न ठेवणारी खिडकी? त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. इन्कॉग्निटोच्या तीन खिडक्या उघडल्या की तीन डबे मिळतात असं लोक धरून चालतात. तसं नाही. सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांचा मिळून डबा एकच. म्हणजे साध्या खिडकीत एक माणूस आणि इन्कॉग्निटोत दुसरा, एवढंच जमतं. तिसऱ्यासाठी ती युक्ती नाही.

क्लिपबोर्ड आणि कीबोर्ड

डबे वेगळे केले तरी दोन गोष्टी सगळ्या मशीनच्या मिळून एकच राहतात. एक म्हणजे क्लिपबोर्ड, आपण कॉपी केलेलं जिथं राहतं ती जागा. मामांचा आधार नंबर कॉपी केला, अक्कांच्या फॉर्ममध्ये जाऊन पेस्ट दाबलं, तर मामांचाच नंबर उतरेल. विंडोज की आणि व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास चालू केला असेल तर शेवटच्या २५ नोंदी तिथं दिसतात. ही सोय चांगली आहे, पण सार्वजनिक मशीनवर त्या यादीत लोकांचे आधार आणि खाते नंबर साचत जातात. दिवसातून एकदा तरी 'क्लिअर ऑल' करा.

दुसरा म्हणजे कीबोर्ड. आपल्याकडं एका खिडकीत कन्नड फॉर्म आणि दुसरीत मराठी पत्र हे रोजचंच. विंडोज मूळ सेटिंगमध्ये सगळ्या खिडक्यांना एकच भाषा लावते. वर्डमध्ये मराठी करून ब्राउझरमध्ये आलात की तिथंही मराठीच, मग विंडोज की आणि स्पेस दाबून बदला, परत आलात की परत बदला. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'टायपिंग', त्यात 'अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' इथं जा. प्रत्येक अॅपच्या खिडकीला वेगळी भाषा ठेवू द्या, असा पर्याय आहे. त्यावर खूण करा. वर्ड मराठी लक्षात ठेवेल, ब्राउझर कन्नड. नुडी किंवा बरहा हे कन्नड टायपिंगचे प्रोग्राम वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं : कळा पकडणारे असे दोन प्रोग्राम एकदम चालू ठेवू नयेत. कळ एकच असते आणि ती कुणी घ्यायची यावरून दोघांत ओढाताण होऊ शकते.

फोनवर दोन व्हॉट्सअॅप

एक सिम इकडचं, एक महाराष्ट्रातलं, अशी माणसं सीमाभागात पुष्कळ आहेत. व्हॉट्सअॅपनं ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच अँड्रॉइड अॅपमध्ये दोन खाती ठेवायची सोय जाहीर केली. त्याआधीपासून शाओमीमध्ये 'ड्युअल अॅप्स' आणि सॅमसंगमध्ये 'ड्युअल मेसेंजर' आहेच. या दोन पद्धती आतून वेगळ्या आहेत. पहिलीत अॅप एकच असतं आणि ते दोन खाती सांभाळतं. दुसरीत फोन त्या अॅपची खरोखरच वेगळी प्रत चालवतो, जणू दुसऱ्याच वापरकर्त्यासाठी, वेगळ्या जागेत. फोनमध्येच ही सोय असताना अनोळखी 'क्लोन' अॅप उतरवून त्याच्या हाती आपले निरोप देऊ नका. संगणकावर दोन व्हॉट्सअॅप वेब हवी असतील तर वर सांगितलेले क्रोमचे दोन प्रोफाइल पुरतात.

दोन प्रती चालवणं बेकायदा आहे का?

एकाच मशीनवर एकच माणूस दोन खिडक्या उघडतो म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण पैसे भरून घेतलेल्या प्रोग्रामचा परवाना कधी मशीनवर असतो, कधी माणसावर, तर कधी एका वेळी किती प्रती चालू आहेत यावर. कारखान्यांतल्या महागड्या ड्रॉइंग प्रोग्रामांत शेवटचा प्रकार बऱ्याचदा दिसतो. तिथं एक सर्व्हर चालू प्रती मोजत असतो आणि आकडा भरला की पुढच्याला थांबवतो. एकानं जेवायला जाताना प्रोग्राम उघडाच ठेवला तर दुसऱ्याचं काम अडतं ते यामुळं.

मोठी संकेतस्थळं एवढ्या प्रती चालवतात, तरी का बसतात?

हा आक्षेप रास्त आहे. निकालाच्या दिवशी लाखो मुलं एकाच पानावर येतात. त्यासाठी संकेतस्थळाचा एकच प्रोग्राम अनेक सर्व्हरवर, अनेक प्रतींमध्ये चालू केलेला असतो आणि पुढं एक वाटपी बसवलेला असतो, तो येणारी प्रत्येक मागणी मोकळ्या प्रतीकडं पाठवतो. गर्दी वाढली की आणखी प्रती, ओसरली की कमी. प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सामानासकट बांधून ठेवणाऱ्या, २०१३ मध्ये आलेल्या डॉकरसारख्या साधनांमुळं अशी प्रत काही सेकंदांत उभी करता येते.

पण इथंही सामाईक गोष्टच आडवी येते. प्रती शंभर असल्या तरी माहितीचा साठा बहुतेक वेळा एकच असतो. रेल्वेचं तिकीट घ्या : बर्थ एक आहे आणि तो दोघांना देऊन चालणार नाही. म्हणून कोणत्या का प्रतीतून मागणी येईना, त्या बर्थच्या नोंदीपाशी एका वेळी एकालाच आत सोडावं लागतं, बाकीचे थांबतात. प्रती दुप्पट केल्या तरी त्या दारातून एका वेळी एकच जातो. निकाल नुसता वाचायचा असतो, त्यात बदल करायचा नसतो, त्यामुळं तिथं साठ्याच्याही प्रती काढून ठेवता येतात. ज्यांनी ती तयारी आधी केलेली असते त्यांची संकेतस्थळं टिकतात.

आपल्या बाजूनं पाहिलं तर पाच टॅबमध्ये एकच पान उघडून लवकर काही मिळत नाही. पाचही टॅब पाच वेगळ्या मागण्या पाठवतात. रिफ्रेश दाबलं की आधीची मागणी सर्व्हरवर बहुतेकदा चालूच राहते आणि नवी मागणी मागं जाऊन उभी राहते. फी किंवा बिल भरताना हे जास्त सांभाळा. पैसे भरायचं बटण दाबल्यावर पान अडकलं तर दुसऱ्या टॅबमधून लगेच पुन्हा भरू नका. आधी बँकेच्या नोंदीत रक्कम गेली आहे का ते बघा, मग त्या संकेतस्थळावरचा व्यवहारांचा इतिहास उघडा, आणि तिथं 'पेंडिंग' दिसत असेल तर तो व्यवहार पूर्ण किंवा रद्द होईपर्यंत थांबा.